देवीच्या तोंडचं वाक्य

माझ्या सासूबाईंच्या अंगात देवी यायची. लग्न ठरायच्या आधीच नवऱ्यानं मला हे सांगून टाकलं होतं. एखाद्यानं आपल्याला जुना दमा आहे हे आधीच सांगून टाकावं, तसं. आम्ही वाशीला एका कॅन्टीनमध्ये बसलो होतो. तो म्हणाला, "तुला काही करावं लागणार नाही. फक्त हसू नकोस."

मी हसले नसतेच. पण त्याची भीती रास्त होती, कारण त्याला माझे वडील माहीत होते. अण्णा सांगलीकडे एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन चमत्कारांमागचं शास्त्र करून दाखवायचे. हळदीच्या पाण्यात चुना टाकून रक्त काढायचे. जळता कापूर जिभेवर ठेवायचे. लहानपणी मी त्यांच्या पिशव्या धरून उभी असायची. कुणी हात जोडले की ते चिडायचे नाहीत, शांतपणे म्हणायचे, "हात नंतर जोडा. आधी विचारा, हे झालं कसं?" तो प्रश्न माझ्या अंगवळणी पडला होता. पुढे मी फिजिक्स केलं आणि खारघरच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, त्यात त्या प्रश्नाचाच वाटा मोठा.

सासर नवी मुंबईतल्या बोनकोडे गावातलं. नवरा तिथलाच मूळचा. एके काळी त्यांची खाडीलगत भातशेती होती, ती शहर वसवताना गेली. गावातल्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. वर भाडेकरू, तळमजल्यावर आम्ही. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. सासूबाई बुटक्या, काटक, बोलायला मोजक्या. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सरळ सांगून टाकलं, "आई, मी देवाचं काही मानत नाही. तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगते."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाय पटत तं नको मानू. मी काय तुजी परीक्षा घेनार हाय?" मग थोड्या वेळानं, "तुजा बाप पन नाय मानत?"

"नाही."

"मग अडीअडचनीला कोनाला हाक मारता?"

"एकमेकांना," मी म्हणाले. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

पहिल्या नवरात्रात मी त्यांना बघितलं. गावदेवीच्या देवळापुढच्या मांडवात संध्याकाळची आरती चालू होती, ढोल वाजत होते. सासूबाई बायकांमध्ये उभ्या होत्या. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग मान. मग अंबाडा सुटला आणि घशातून एक हुंकार आला, जो मी घरात कधी ऐकला नव्हता. बायका पुढे सरकल्या, हळदकुंकू झालं, ओट्या भरल्या. ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारलं. मुलाची नोकरी, सुनेचं दुखणं, हरवलेलं मंगळसूत्र. उत्तरं साधीच असायची. धीर धर. डोंगरापलीकडच्या डॉक्टरला दाखव. घरातच हाय, शोध.

मी मागं उभी राहून निरीक्षण करत होते. ढोलाची लय, दिवसभराचा उपास, गर्दीतला उकाडा, वर्षानुवर्षांची सवय. सगळं समजत होतं. खोटेपणा मात्र कुठे दिसला नाही, हेही मी प्रामाणिकपणे मनात नोंदवलं. देवी गेल्यावर त्या ओसरीवर बसून पाणी प्यायल्या आणि मला विचारलं, "कुकर लावलास का?"

अशी काही वर्षं गेली. मग मला दिवस गेले. आठवा महिना लागला, आणि एका सकाळी मला जाणवलं की आत काही हलत नाहीये. हॉस्पिटलमध्ये नेलं. मुलगी होती. गेलेलीच जन्मली. नर्सनं हिरव्या कापडात गुंडाळून मला क्षणभर दाखवली. कापड पातळ होतं, पायाकडून उघडं पडलं होतं, आणि जानेवारीचे दिवस होते. मला म्हणायचं होतं, तिचे पाय झाका. मग नवरा आणि दीर तिला घेऊन गेले. कुठे पुरलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तिला थंडी वाजत असेल. फ्रीज उघडला की तेच, हात धुताना नळाचं पाणी गार लागलं की तेच. मी अकरावीला उष्णतेचं वहन शिकवते. निर्जीव शरीराचं तापमान हळूहळू भोवतालाइतकं होतं हे मी फळ्यावर आलेख काढून दाखवू शकते. थंडी वाजायला मज्जातंतू जिवंत लागतात हेही मला ठाऊक होतं. या ज्ञानाचा काडीचाही उपयोग होत नव्हता. मी हे कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो कोलमडला असता. अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी समजावलं असतं, आणि जे मला आधीच समजलेलं होतं तेच पुन्हा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

त्या वर्षी नवरात्रात मी देवळात जाणारच नव्हते. पण मोठी जाऊ माहेरी गेली होती आणि ओटीचं ताट धरायला घरचं कुणी नव्हतं, म्हणून गेले. ऑक्टोबरचा उकाडा होता, मांडवात सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. देवी आली. बायकांचे प्रश्न झाले. मी ताट घेऊन खांबाला टेकून उभी होते. अचानक सासूबाई वळल्या, घुमत घुमत गर्दीतून थेट माझ्यापुढे आल्या. मी मागं सरकणार तोच त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. हात तापलेला होता. माझ्या कानाशी तोंड आणून त्या म्हणाल्या,

"तिला थंडी नाय वाजत."

आणि वळून परत गेल्या.

ढोलाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. घरी येताना नवऱ्यानं विचारलं, "आई तुला काय म्हणाली?" मी म्हणाले, "आवाजात कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना फोन केला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मधे मी रडले. मग अण्णा त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, त्या तुझ्याबरोबर एका घरात राहतात. तू काय करतेस ते बघत असतात. तू काहीतरी केलं असशील, ज्यावरून त्यांच्या मनानं ते टिपलं. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. नवऱ्याला विचार."

मी विचारलं, नुसतं आडून, की गेल्या काही महिन्यांत मी घरात काही विचित्र वागत होते का. तो जरा अवघडला. म्हणाला, "पंखे. तू सगळ्यांचे पंखे बंद करत फिरायचीस. भर मे महिन्यात. आई म्हणाली होती, करू दे तिला, काही बोलू नका."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. पण झालं, उत्तर मिळालं. हे झालं कसं, ते कळलं. आयुष्यभर मला असं उत्तर मिळालं की आनंद व्हायचा, गाठ सुटल्याचा. या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. माझ्याकडून कुणी काहीतरी काढून घेतलं होतं.

आणि तरी ते वाक्य गेलं नाही. उत्तर मिळूनही राहिलंच. वर्गात शिकवताना, रिक्षात बसल्यावर, ते कानाशी यायचं, त्याच तापलेल्या श्वासासकट. त्यातली खरी गोम मला हळूहळू कळली. ते वाक्य ऐकेपर्यंत माझी मुलगी नव्हती. तिला थंडी वाजत असेल असं वाटायचं, पण तो वेडेपणा आहे हे मला माहीत होतं. आता कुणीतरी सांगत होतं की तिला थंडी वाजत नाही. म्हणजे ती होती. कुठेतरी होती आणि तिला थंडी वाजत नव्हती. मग तिला भूक लागत असेल का? अंधार असेल का? एका वाक्यानं माझी मुलगी मला परत दिली होती, आणि ठेवायला जागा दिली नव्हती. घरात मागच्या खोलीत एकटी असले की मला वाटायचं, आता मान वळवली तर काहीतरी दिसेल. मी मान वळवायची नाही. भीतीनं नव्हे. तिथं काही नसणार हे मला पक्कं माहीत होतं आणि ते मला बघायचं नव्हतं.

पुढच्या नवरात्राची मी वाट बघितली, हे लिहिताना आजही अवघडायला होतं. कुणी न सांगता मी ताट घेऊन गेले. या वेळी खांबापाशी नाही, पुढं उभी राहिले. मनात प्रश्न तयार होता. देवी आली, घुमली, बायकांशी बोलली. माझ्यापर्यंत दोनदा येऊन गेली. नजर माझ्यावरून अशी सरकली जशी भिंतीवरून सरकते. आरती संपली, कापूर विझला, आणि मी ताट घेऊन तशीच उभी.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मागच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई मधेच म्हणाल्या, "ती नाय आली गो या वर्षी."

"कोण?"

"कोन म्हंजे? देवी." त्यांचे हात चालूच होते. "ढोल वाजला, मी उबी राहिले, वाट बघितली. काय नाय. सगल्या बाया माज्या तोंडाकडं बघत होत्या. मग मीच घुमले."

"तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"कोनाला सांगू? पोरगा घाबरंल. गाववाल्या बाया तं मरतील घाबरून. तू मानत नायस. तुला सांगता येतं."

इतक्या वर्षांत माझ्या नास्तिकपणावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता. पण त्या क्षणी मला त्यांचं दुःख दिसलंच नाही. मला फक्त एकच गोष्ट हवी होती. मी विचारलं, "आई, आणि मागच्या वर्षी? मागच्या वर्षी ती आली होती?"

"आलेली. मागच्या वर्षी आलेली." त्या थांबल्या. "का?"

"तुम्ही मला काहीतरी म्हणालात. आठवतं?"

"मना कदी काय आठवत नाय. काय बोलले?"

मी सांगितलं. वाक्य सांगितलं आणि ते माझ्यासाठी काय होतं तेही सांगितलं. हिरवं कापड, उघडे पाय, पंखे. त्या ऐकत होत्या. हातातली कोळंबी त्यांनी ताटलीत ठेवली, हात पदराला पुसायचेही विसरल्या. मग म्हणाल्या, "माजी पयली पोरगी. तुला कोनी सांगला नसंल."

मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं, हे नंतर कळलं. त्याच्या आणि त्याच्या भावाच्या आधी एक मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. सासऱ्यांनी तिला खाडीकडच्या बांधावर नेऊन पुरलं. बायकांनी जायची रीत नव्हती. पण लावणीच्या वेळी शेतावर गेल्यावर सासूबाईंनी त्यांना विचारून ती जागा पाहून घेतली. भरतीला बांधातून खारं पाणी झिरपायचं. "मना वाटायचा, ती भिजते. किती वर्सं. पाऊस आला तरी तेच, भरती आली तरी तेच. मी कोनाला बोलले नाय."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. त्या घाबरल्या होत्या. "मग तुला जी बोलली, ती देवी होती, का मीच?"

मी अण्णांची मुलगी. मला उत्तर येत होतं. तुम्हीच, आई. तुमचं मूल गेलेलं, तुम्हाला कळलं मला काय होत असेल, तुम्हीच बोललात. यापेक्षा सुंदर काय असू शकतं? पण त्यांनी जन्मभर जिला अंगात घेतलं तिच्याबद्दल त्या विचारत होत्या. आणि खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर नको होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

कोळंबी तशीच झाकून ठेवली आणि सासूबाई म्हणाल्या, "चल." आम्ही रिक्षा केली. बांध कधीच गेला होता. त्या बाजूला आता सरळ रस्ते, सोसायट्या, एक लहानसं उद्यान, चालायला फरशीची वाट, व्यायामाची पिवळीनिळी यंत्रं. ऊन रणरणत होतं, उद्यानात एक माळी पाइपनं पाणी घालत होता आणि एक म्हातारे गृहस्थ बाकावर पेपर वाचत बसले होते. सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पूर्वेकडे बघायला लागल्या. पारसिकच्या डोंगराला एक खळगा आहे, तो त्या जागेवरून नाकासमोर दिसायचा, त्या म्हणाल्या. पण मधे इमारती होत्या. त्या दहा पावलं इकडं गेल्या, परत आल्या, तिकडं गेल्या. दोन इमारतींच्या फटीतून डोंगराचा एक तुकडा दिसत होता, पण खळगा होता की नाही ते कळेना.

"इथंच कुटंतरी," त्या म्हणाल्या.

माळ्यानं घातलेलं पाणी फरशीवरून वाहत आमच्या पायांशी आलं. त्या पटकन बाजूला झाल्या. मी त्यांचा दंड धरला. मग त्या हळूच म्हणाल्या, "तू एवडी शिकलीस. खरा सांग. त्या दोगी असतील का गो कुटं?"

"माहीत नाही, आई."

"मना पन नाय माहीत," त्या म्हणाल्या. गावातल्या निम्म्या बायका जिच्याकडे उत्तरं मागायला येत, ती बाई भर दुपारी रस्त्यावर उभी राहून मला सांगत होती की तिला माहीत नाही.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "उद्यापासून देवीपुढं दिवा लावणार का?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "दिवा का नाय लावनार?" त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं आणि उभ्या राहिल्याच नाहीत. बायका घरी येऊन विनवून गेल्या. त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि नाही म्हणाल्या. देवी तीनचार घरं पलीकडच्या एका तरुण सुनेच्या अंगात आली. बँकेत नोकरी करणारी, हसरी मुलगी. गावाला बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. दोघं ओसरीवर उन्हाला बसत. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "तुमाला कदीच वाटला नाय, कोन हाय म्हनून?" अण्णा म्हणाले, "आमची मंडळी गेली, त्यानंतर थोडे दिवस वाटायचं. आतल्या खोलीत भांडं वाजल्यासारखं."

"मग?"

"मग जाऊन बघायचो. मांजर असायचं."

"नेमी?"

अण्णा हसले. "मांजर नेहमी दिसायचं नाही," ते म्हणाले. मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी थोडी थांबून, पावलांचा आवाज करत बाहेर गेले.

मी आजही मानत नाही. वर्गात कुणी विचारलं तर तसं सांगते, आणि का ते समजावूनही सांगते. नवरात्रात मात्र सासूबाईंबरोबर जाते. आम्ही दोघी मागं, बाकावर बसतो. गेल्या वर्षी आरती चालू असताना ती बँकेतली मुलगी घुमत घुमत आमच्या बाजूला वळली. गर्दी फाकली. ती सरळ आमच्याकडे येत होती, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. सासूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. ती बोलावी असं मला वाटत होतं की बोलू नये असं, हे मला अजून सांगता येत नाही. ती आमच्या समोर आली, क्षणभर डोलत थांबली, आणि शेजारच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेली.

घरी आल्यावर दारात चपला काढताना सासूबाई म्हणाल्या, "बरा झाला." मी मान डोलावली. त्या आत गेल्या, मी ओसरीवरच्या बाकावरच बसले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायला लागला. हळू, लाडात, लहान मुलाशी बोलावं तसा. घरात मुलं नव्हती, आणि त्यांचा फोन तर माझ्या शेजारी बाकावर पडला होता. मी उठले नाही. आवाज थांबेपर्यंत तिथंच बसून राहिले.